पोट साफ व्हायचं औषध घेताय? आधी घड्याळ बघा

मी नाशिकला मेडिकलच्या काउंटरवर असतो, एमआयडीसीच्या बाजूला, आणि पोट साफ होण्याच्या औषधांबाबत एकच गोंधळ सारखा बघतो. रात्री माणूस इसबगोल घेऊन जातो, सकाळी ड्युटीच्या आधी परत हजर, "काहीच झालं नाही दादा, जरा स्ट्राँग द्या." आता इसबगोलला १२ तासांपासून ३ दिवसांपर्यंत वेळ लागतो, ते एका रात्रीत काय दाखवणार? पण ऐकायला वेळ नसतो. मग तो गोळी घेतो, घरी सासूबाई चूर्ण देतात, शेजारचं कुणीतरी एरंडेल सुचवतं, आणि दोन दिवसांनी तोच माणूस ओआरएसची पाकिटं मागायला येतो. यात एकही औषध बोगस नसतं, फक्त पहिल्याला काम करायला वेळच दिलेला नसतो.

म्हणून हे पायरीपायरीने लिहितोय. सगळं मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलं, गरोदर बायका, किडनीचे पेशंट यांच्यासाठी नियम वेगळे आहेत, ते पायरी ३ मध्ये आहेत, ते न वाचता पुढे जाऊ नका.

## पायरी १: खरंच बद्धकोष्ठता आहे का ते ठरवा

रोज सकाळी व्हायलाच पाहिजे असा काही नियम नाही. दिवसातून ३ वेळा होणाराही नॉर्मल आणि आठवड्यातून ३ वेळा होणाराही नॉर्मल, तुमचं नेहमीचं काय आहे ते महत्त्वाचं. एकादशीला दिवसभर साबुदाणा खिचडी आणि चहावर काढलं आणि दुसऱ्या दिवशी पोट साफ झालं नाही, तर त्याला आजार म्हणत नाहीत, दोन दिवस भाजी-भाकरी खा आणि पाणी प्या, होईल. डिसेंबर-जानेवारीत निफाड-नाशिकची थंडी पडली की लोकांचं पाणी पिणं निम्म्यावर येतं आणि तेव्हाच आमच्याकडे ही गिऱ्हाइकं वाढतात, तिथेही आधी पाणी, मग औषध.

औषधाचा विचार कधी करायचा? आठवड्यात ३ पेक्षा कमी वेळा होतंय, शेळीच्या लेंड्यांसारखे खडे पडतायत, खूप कुंथावं लागतंय, किंवा जाऊन आलं तरी अजून राहिलंय असं वाटतंय, तेव्हा.

चेक: कालच जुलाब झाले असतील किंवा काल औषधाने पोट पूर्ण रिकामं झालं असेल, तर पुढचे एक-दोन दिवस काही होणारच नाही, कारण आतड्यात काही उरलेलंच नाही. इथेच लोक घाबरून दुसरा डोस घेतात आणि मग ते चक्र सुरू होतं. ही सगळ्यात कॉमन चूक.

सावध: घरात अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा असतील, बरेच दिवस नीट शौचाला झालं नसेल आणि आता अचानक थोडं थोडं पातळ गळत असेल, तर त्याला लगेच जुलाब समजू नका. आत कडक गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ झिरपत असतं असं बऱ्याचदा होतं. यात जुलाब थांबवायचं औषधही नको आणि इसबगोलही नको, डॉक्टरला दाखवा.

## पायरी २: ही लक्षणं असतील तर औषध घेऊच नका

मला विचाराल तर सगळ्या लेखात ही पायरी महत्त्वाची आहे. पोट दुखतंय म्हणजे गच्च झालंय, जुलाबाची गोळी घेतली की मोकळं होईल, असा एक पक्का समज आहे. पण अपेंडिक्सला सूज आली असेल तरी पोटच दुखतं, बऱ्याच जणांना आधी बेंबीभोवती दुखतं आणि मग दुखणं उजवीकडे खाली सरकतं. त्यात जुलाबाचं औषध घेतलं तर अपेंडिक्स फुटायचा धोका वाढतो. आतडं कुठे अडलं असेल तर तसंच, पुढे रस्ता बंद आणि मागून तुम्ही ढकलताय.

तर औषध बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा तो कधी:

- पोटात जोराचं किंवा वाढत जाणारं दुखणं, सोबत ताप किंवा उलटी
- पोट टम्म फुगलंय आणि गॅससुद्धा पास होत नाही
- शौचातून रक्त, किंवा डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर रंग काळपट होतोच, पण ते डॉक्टरला सांगून खात्री करून घ्या)
- वजन आपोआप उतरतंय, किंवा पन्नाशीनंतर पोटाची सवय अचानक बदललीय

पहिल्या दोन प्रकारांत सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं कुठलंही इमर्जन्सी असलेलं हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८. रक्त आणि वजनाचं असेल तर एक-दोन दिवसांत अपॉइंटमेंट घ्या, "मूळव्याधच असेल" म्हणून सहा महिने काढू नका. रक्त खूप जात असेल, शौच डांबरासारखी असेल किंवा चक्कर येत असेल तर मात्र तेही इमर्जन्सीच.

## पायरी ३: तुमच्या चालू गोळ्या आणि आजार तपासा

घरातला औषधांचा डबा काढा, सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर ठेवा. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, बीपीच्या काही गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी, ॲमिट्रिप्टिलिन (नैराश्यावर किंवा नसांच्या दुखण्यावर देतात ती गोळी), ॲल्युमिनियम असलेलं ॲसिडिटीचं औषध, यातल्या कशानेही पोट गच्च होऊ शकतं. त्रास नवीन गोळी चालू झाल्यावरच सुरू झाला असेल तर ती गोळी स्वतःहून बंद करू नका, पण ज्यांनी दिली त्यांना फोन करा, कधीकधी गोळी बदलली की प्रश्नच मिटतो.

आता कुणी काय टाळायचं.

किडनीचा त्रास असेल तर मॅग्नेशियम असलेलं औषध, म्हणजे मिल्क ऑफ मॅग्नेशिया वगैरे, डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही, कारण कमजोर किडनी मॅग्नेशियम बाहेर टाकू शकत नाही आणि ते रक्तात साठतं.

हृदयासाठी डिगॉक्सिन किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर जुलाबाने पोटॅशियम घसरतं आणि ठोके बिघडू शकतात, म्हणून आधी विचारा. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी इसबगोलही विचारूनच, कारण ते पाण्याशिवाय चालत नाही.

गिळायला त्रास, लकवा होऊन गेलेला, सारखा ठसका लागतो, अशा माणसाला इसबगोल नको आणि लिक्विड पॅराफिनही नको. पहिलं घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं, दुसरं तेलकट असतं, ठसक्याबरोबर फुप्फुसात गेलं तर वेगळाच न्यूमोनिया होतो.

डायबेटिस असेल तर लॅक्टुलोज सिरपमध्ये थोडी साखर असते हे माहीत असू द्या, आणि इसबगोलची संत्र्याच्या चवीची गोड पावडर घेण्याआधी पाकिटावर साखर किती ते बघा, साधा भुसा बरा.

गरोदर बाईला एरंडेल देऊ नका, त्याने कळा सुरू होऊ शकतात. बाकी सगळंही तिच्या डॉक्टरला विचारून. आणि लहान मुलांना मोठ्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा द्यायचा प्रकार बंद करा, मुलांचं औषध आणि डोस बालरोगतज्ज्ञच ठरवतील.

## पायरी ४: बाटलीची मागची बाजू वाचा आणि एकच औषध निवडा

पुढच्या बाजूला ब्रँडचं नाव असतं, त्यावरून काही कळत नाही. मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचा, दिसत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून झूम करा. ढोबळपणे चार गट आहेत.

भुसा, म्हणजे इसबगोल. पाणी धरून फुगतो, शौच मऊ आणि भरीव करतो. परिणाम १२ तास ते ३ दिवस.

पाणी ओढणारी औषधं. लॅक्टुलोज सिरप (डुफालॅक वगैरे), १ ते २ दिवस. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, १ ते ३ दिवस. मिल्क ऑफ मॅग्नेशिया मात्र याच गटातलं असून अर्ध्या तासापासून ६ तासांत काम करतं, हा फरक लक्षात ठेवा.

आतड्याला ढोसणारी औषधं. बिसाकोडिलची गोळी (डल्कोफ्लेक्स), सोडियम पिकोसल्फेट, सोनामुखी, सगळ्यांना साधारण ६ ते १२ तास. एरंडेल याच्यातलंच पण २ ते ६ तासांत, आणि मुरडा मारून.

तेलकट. लिक्विड पॅराफिन, बहुतेक वेळा दुसऱ्या कशात मिसळलेलं. क्रेमाफिनमध्ये पॅराफिन आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया असतं, त्याच्या प्लसमध्ये पिकोसल्फेटही. दोन्ही बाटल्या एकच समजून "तीच ती" म्हणून अदलाबदल करणारे रोज भेटतात.

आणि चूर्ण. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" असं म्हणत लोक कायम चूर्णाची डबी नेतात, पण पोट साफ करायच्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, म्हणजे ते तिसऱ्या गटातलंच औषध झालं. रात्री चूर्ण आणि वर बिसाकोडिल म्हणजे एकाच गटाचे दोन डोस. सोनामुखीने लघवीचा रंग पिवळट-तपकिरी किंवा लालसर दिसू शकतो, ते बघून घाबरू नका.

निवड कशी करायची? थोडा त्रास आहे, पाणी पिता येतंय, घाई नाही, तर इसबगोल. खडे पडतायत आणि कुंथावं लागतंय तर लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल. चार-पाच दिवस काहीच नाही, पायरी २ मधलं काही नाही, आणि एकदा मोकळं व्हायचंय, तर एक रात्र बिसाकोडिल. एरंडेल मी कुणालाच सुचवत नाही, इतके बरे पर्याय असताना तो मुरडा कशाला.

सावध: पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं छोटं रोजचं पाकीट वेगळं आणि कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याच्या) आधी २ लिटर पाण्यात करायचं मोठं पाकीट वेगळं. घरात कुणाचं उरलेलं मोठं पाकीट असेल तर ते वापरू नका.

## पायरी ५: वेळ उलटी मोजा

किती वाजता घ्यायचं ते, किती वाजता व्हायला हवं त्यावरून ठरतं. बिसाकोडिल रात्री १० ला घेतलं तर पहाटे ४ ते सकाळी १० मध्ये कधीही शौचाचा कॉल येईल. आता तुम्ही फर्स्ट शिफ्टला साडेसहाला कंपनीच्या बसमध्ये बसणार असाल, किंवा मुंबईसाठी नाशिक रोडवरून पंचवटी एक्सप्रेस पकडणार असाल, तर हे गणित फसलं. कसारा घाटात गाडी अडकलीय आणि पोटात मुरडा आलाय, यापेक्षा वाईट सकाळ नसेल. म्हणून ६ ते १२ तासवाली औषधं सुट्टीच्या आदल्या रात्रीच.

मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि एरंडेल झोपताना घेऊ नका, मध्यरात्री उठावं लागेल, आणि वयस्कर माणूस अंधारात घाईने संडासकडे जाताना पडतो, पडल्यावर खुब्याचं हाड मोडतं, मग बद्धकोष्ठता राहते बाजूला. पॅराफिन असलेलंही आडवं व्हायच्या अगदी आधी नको.

नाईट शिफ्टवाल्यांनी "रात्री झोपताना" हे लेबलवरचं वाक्य आपल्या झोपेप्रमाणे सरकवायचं, सकाळी घरी येऊन झोपत असाल तर तेव्हा.

## पायरी ६: घ्यायची पद्धत

इसबगोल. पहिल्यांदा घेताय तर १ चहाचा चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्यात, साधारण २४० मिली, ढवळून लगेच प्या, वर अजून अर्धा ग्लास. एकदा घरी प्रयोग करून बघा, पाव ग्लास पाण्यात एक चमचा टाका आणि दहा मिनिटं ठेवा, जो घट्ट चिकट लगदा होतो तोच कमी पाणी पिल्यावर तुमच्या घशात किंवा आतड्यात होतो. कोरडा भुसा तोंडात टाकून वर दोन घोट, ही पद्धत धोकादायक आहे. घेतल्या घेतल्या आडवं होऊ नका. दह्यात कालवून खाणं हा लोकांचा जुलाब थांबवायचा घरगुती प्रकार आहे, इथे तो उलटा पडेल. बाकीच्या गोळ्यांपासून २ तासांचं अंतर ठेवा. दोन-तीन दिवसांनी गरज वाटली तर २ चमचे.

लॅक्टुलोज. मोठ्या माणसाला सुरुवात १५ मिली, बाटलीच्या मापानेच, घरातल्या चमच्याने नाही, चमच्याचा भरवसा नसतो. पहिले काही दिवस गॅस होतो, पोट गुडगुडतं, ते अपेक्षित आहे.

पॉलिइथिलीन ग्लायकॉल. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण विरघळवून.

बिसाकोडिल. पहिल्यांदा ५ मिलिग्रॅमची एकच गोळी. अख्खी गिळायची, चावायची नाही, तोडायची नाही, कुटायची नाही. गोळीवरचं आवरण पोटात न विरघळता आतड्यात विरघळावं म्हणून दिलेलं असतं. दूध आणि ॲसिडिटीचं पातळ औषध ते आवरण पोटातच सोडवतात, मग मळमळ आणि पोटात जळजळ. आपल्याकडे रात्री हळदीचं दूध प्यायची सवय आणि त्याच घोटाबरोबर गोळी, तिथे चुकतं. दूध आणि गोळीत निदान १ तास अंतर, गोळी साध्या पाण्याबरोबर.

मिल्क ऑफ मॅग्नेशिया. बाटली हलवा, टोपणाच्या मापाने घ्या, वर ग्लासभर पाणी. काही अँटिबायोटिक आणि थायरॉईडची गोळी याच्याबरोबर नीट शोषली जात नाही, थायरॉईडच्या गोळीपासून ४ तास लांब ठेवा.

चेक: काय घेतलं, किती आणि किती वाजता, मोबाईलमध्ये लिहून ठेवा. घरात दोघं-तिघं औषध देणारी असली की हे फारच लागतं, आजोबांना सुनेनेही देऊन झालेलं असतं आणि मुलानेही.

## पायरी ७: आता थांबा

इथे काही करायचं नाही, आणि तेच लोकांना जमत नाही. पायरी ४ मधला वेळ पूर्ण होईपर्यंत दुसरा डोस नाही, दुसरं औषध नाही, चूर्ण नाही. लॅक्टुलोजला ४८ तास म्हणजे ४८ तास.

तेवढ्या वेळात पाणी पीत राहा. सकाळी चहा-नाश्त्यानंतर आतडं आपोआप हलतं, तेव्हा १० मिनिटं निवांत बसा, कॉल आला की दाबून ठेवू नका. कमोड असेल तर पायाखाली छोटा स्टूल ठेवा, गुडघे कमरेपेक्षा वर आले की सोपं जातं, ज्यांच्या घरी भारतीय पद्धतीचं आहे आणि गुडघे साथ देतात त्यांना हे आपसूक मिळतं. मोबाईल घेऊन अर्धा तास बसून कुंथण्याने फक्त मूळव्याध वाढेल. आणि बिसाकोडिल घेतलेल्या सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला जाऊ नका, पोटात आधीच कळा असतात त्यात तो झणझणीत रस्सा, पुढच्या रविवारी जा की. त्या दिवशी मऊ वरण-भात, पेरू-पपई, ताक.

## पायरी ८: काय झालं त्यावरून पुढचं ठरवा

*मऊ झालं, समाधान वाटलं.* बिसाकोडिल किंवा सोनामुखी असेल तर बंद, लगेच दुसऱ्या रात्री परत नाही. इसबगोल काही दिवस चालू ठेवलं तरी चालतं.

*पातळ पाण्यासारखं झालं.* औषध बंद. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यात, थोडं थोडं प्या. चक्कर, खूप अशक्तपणा, लघवी कमी, पायात गोळे किंवा छातीत धडधड असेल तर दवाखाना. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बायकांनी जोराच्या जुलाबानंतर ती नीट शोषली गेली नसेल हे धरून चाला आणि पाकिटातल्या सूचना बघा.

*पूर्ण वेळ थांबूनही काहीच नाही.* तेच औषध लेबलच्या मर्यादेत थोडं वाढवता येतं, म्हणजे लॅक्टुलोज १५ चं ३० मिली, किंवा पुढच्या सुट्टीच्या आदल्या रात्री बिसाकोडिल ५ चं १० मिलिग्रॅम. त्याच्या वर स्वतःच्या मनाने नाही. तरीही नाही झालं, किंवा आठवडाभर औषधाशिवाय होतच नाहीये, तर हा विषय मेडिकलवाल्याचा राहिला नाही, थायरॉईड कमी असणं, कॅल्शियम वाढणं, डायबेटिस अशी कारणं तपासावी लागतात.

आणि यात कुठेही पायरी २ मधलं काही दिसलं तर सगळं सोडून तिकडे.

## पायरी ९: रोज चूर्ण किंवा गोळी लागतेच, अशांसाठी

वर्षानुवर्षं रोज रात्री चमचाभर घेणारे खूप आहेत. एका दिवसात बंद केलं की चार दिवस काही होत नाही आणि "बघा, मला लागतंच" म्हणून परत चालू. तसं नका करू. आधी डॉक्टरशी बोलून इसबगोल किंवा लॅक्टुलोजसारखं काहीतरी रोजचं सुरू करा, ते लागू पडायला लागलं की चूर्ण एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, असं काही आठवड्यांत कमी करा. मधे एखादा दिवस कोरडा जाईल, तो जाऊ द्या. आहारात फायबर वाढवायचं तेही हळूहळू, एकदम वाढवलं तर नुसता गॅस.

डॉक्टरकडे जाताना चूर्णाची डबी, सगळ्या स्ट्रिप्स आणि मोबाईलमधली ती नोंद सोबत न्या. "पांढऱ्या डबीतलं काहीतरी" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही, आणि चूर्ण हे औषध नाही असं धरून लोक ते सांगतच नाहीत, तर ते आधी सांगा.